विमानं आणि बे: वाटपाचं मॉडेल कसं मांडावं?

पार्किंगब्रेक (धागाकर्ता)

बे-वाटपावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा. या धाग्यात बे म्हणजे विमान उभं राहण्याची जागा आणि गेट म्हणजे प्रवासी बाहेर पडतो ते दार. एकाच बस-गेटमधून चार वेगवेगळ्या रिमोट बेंवर (टर्मिनलपासून दूर, बसने जायच्या बेंवर) माणसं जातात, त्यामुळे दोन्ही वेगळे धरलेले बरे.

उदाहरण म्हणून मुंबई डोळ्यांपुढे ठेवू. ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच चालते. तरी २०१८ मध्येच एका दिवसात हजाराच्या वर उड्डाणं-अवतरणं होऊन गेली. वाढायला जमीन नाही. अशा ठिकाणी धावपट्टीच्या खालोखाल टंचाई असते ती बेंची.

मोजायचं एकक म्हणजे टर्नअराउंड: विमानाच्या चाकांना चॉक्स, म्हणजे अडण्या, लागल्या (ऑन-ब्लॉक) तिथपासून ते निघालं (ऑफ-ब्लॉक) तिथपर्यंत. देशांतर्गत ए३२० चं ३० ते ४५ मिनिटं, वाइडबॉडीचं (७७७ सारख्या रुंद विमानाचं) दीड ते तीन तास, नाइट हॉल्ट (रात्रीचा मुक्काम) असेल तर सहा-सात तास.

कुठलं विमान कुठे मावतं हे पंखांच्या विस्तारावरून ठरतं. २४ मीटरपासून ३६ च्या आत कोड सी, ३६ पासून ५२ च्या आत डी, ५२ पासून ६५ च्या आत ई, ६५ पासून ८० च्या आत एफ. शार्कलेटवाला ए३२० ३५.८ मीटर, म्हणजे सी मध्ये काठोकाठ. एटीआर ७२ सुमारे २७, बोइंग ७७७-३००ईआर ६४.८, ए३८० ७९.७५. बाजूच्या विमानापासून मोकळी जागा सी ला ४.५ मीटर, डी पासून पुढे ७.५. शिवाय मार्स बे असतात: मधल्या रेषेवर एक वाइडबॉडी, नाहीतर डाव्या-उजव्या रेषेवर दोन नॅरोबॉडी (ए३२० सारखी अरुंद विमानं).

सरळ मॉडेल असं: क्ष(ट,ब) = १, जर टर्नअराउंड 'ट' ला बे 'ब' दिला, नाहीतर ०. प्रत्येक ट ला नेमका एक बे. वेळा एकमेकींवर चढत असतील अशा दोन ट ना एकच बे नाही. मावत नसेल तर तो चलच काढून टाका. उद्दिष्ट म्हणून बहुतेक ठिकाणी प्रवाशांचं एकूण चालणं कमीत कमी करा असं लिहिलेलं दिसतं.

समजा ३८० टर्नअराउंड आणि ६८ बे आहेत. तीन ठिकाणी गाडी अडते. जोडी-जोडीच्या अटी लाखांत जातात. चालण्याचं अंतर धरलं की सॉल्व्हर (मॉडेल सोडवणारं सॉफ्टवेअर) तासन् तास फिरत बसतो. आणि निघालेला 'उत्तम' आराखडा सकाळी सातला पहिल्या उशिरात कोसळतो. जाणकारांनी लिहावं.

सिम्प्लेक्सराव

पहिल्या अडचणीचं उत्तर सोपं आहे. जोडीच्या अटी लिहूच नका.

तुमच्या आकड्यांवर हिशेब करू. एका टर्नअराउंडची वेळ सरासरी ४५ इतरांवर चढते असं धरा. जोड्या ३८० × ४५ ÷ २ = ८,५५०. गुणिले ६८ बे, म्हणजे सुमारे ५ लाख ८० हजार अटी. त्याऐवजी एका क्षणी एकत्र हजर असलेल्यांचा गट घ्या आणि प्रत्येक बेसाठी लिहा: या गटातल्या क्ष ची बेरीज ≤ १. काळाच्या रेषेवरच्या तुकड्यांमध्ये असे मोठ्यात मोठे गट टर्नअराउंडांच्या संख्येहून जास्त असूच शकत नाहीत. म्हणजे जास्तीत जास्त ३८० × ६८ = २५,८४०, आणि न मावणारे चल काढल्यावर त्याहून बरेच कमी.

गट काढायची रीत: सगळी आगमनं-प्रस्थानं वेळेप्रमाणे लावा, झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे जा, हजर विमानांची यादी ठेवा. आगमनानंतर लगेच प्रस्थान आलं की त्या क्षणीची यादी हा एक गट. बस.

नुसती संख्या कमी होते एवढंच नाही. तीन विमानं एकमेकांवर चढतात असं समजा. जोडीच्या अटींत प्रत्येकाला अर्धा-अर्धा बे देता येतो, बेरीज दीड, आणि सगळ्या अटी पाळल्या जातात! गटाच्या अटीत बेरीज एकच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे रेषीय शिथिलीकरण (क्ष ला ० ते १ मधला अपूर्णांकही चालू दिला की येणारं उत्तर) खऱ्या उत्तराच्या कितीतरी जवळ येतं आणि शाखा फोडायला कमी लागतात.

आणखी एक. कोड, टर्मिनल, सुविधा सगळं सारखं असलेले बे एका गटात बांधा. पूर्ण एकसारख्या बेंना आळीपाळीने पाळीपत्रकं चिकटवत बसण्यात सॉल्व्हर आयुष्य घालवतो, कारण अदलाबदल केली तरी खर्च तोच. एकसारख्या गटासाठी 'या क्षणी हजर ≤ गटातले बे' एवढंच पुरतं. आत कोणता बे कोणाला, ते नंतर आगमनाच्या क्रमाने रिकामा बे देत गेलं तरी कधीच अडत नाही. अडतं ते बे निरनिराळ्या क्षमतेचे असतात तेव्हा. तिथे प्रश्न खरोखर अवघड वर्गात जातो.

रॅम्पवरून

गणित छान आहे, पण आधी सुसंगतीचा तक्ता नीट करा. चुकीचा तक्ता घेऊन काढलेलं उत्तम उत्तर मार्शलरच्या (विमानाला खुणांनी जागेवर आणणाऱ्याच्या) हातात जाऊन फुटतं.

कोड सी लिहिलं म्हणजे सी मधलं सगळं मावलं असं नाही. ए३२० ची लांबी ३७.६ मीटर, ए३२१ ची ४४.५. पंख सारखेच, पण शेपटी मागच्या सर्व्हिस रोडवर किंवा टॅक्सीलेनच्या मोकळ्या पट्ट्यात येऊ शकते. तक्ता कोडवर बांधू नका, विमानाच्या उपप्रकारावर बांधा: बे × उपप्रकार, हो/नाही, आणि 'नाही' का ते एका रकान्यात. कारण लिहिलेलं नसलं की सहा महिन्यांनी ते नाही खरं की कुणाच्या तरी सवयीचं, हे कळत नाही.

तक्त्यात आणखी काय हवं ते लिहितो. ४०० हर्ट्झची वीज: ७७७ ला ९० केव्हीएच्या दोन जोडण्या लागतात, ए३८० ला चार. एकच असलेल्या बेवर ७७७ उभं केलं तर एपीयू (विमानातलं वीज देणारं छोटं इंजिन) चालू राहतो, इंधन जळतं आणि एप्रनवर (विमानं उभी राहतात त्या पटांगणावर) आवाज. हायड्रंट पिट (जमिनीखालच्या नळातून इंधन) आहे की बाउझर (इंधनाचा टँकर) आणायचा? वाइडबॉडीला बाउझरने भरणं म्हणजे एकाहून जास्त फेऱ्या, टर्नअराउंड लांबतं. एरोब्रिज त्या दारापर्यंत पोचतो का? एटीआरला एरोब्रिज सहसा लावत नाहीत, दार खाली असतं. त्याला काँटॅक्ट बे (टर्मिनलला लागून, एरोब्रिज असलेला) देणं म्हणजे बे वाया. ए३८० ला वरच्या मजल्याचा ब्रिज असलेला बेच बरा. एमिरेट्सचं ए३८० २०१४ च्या जुलैपासून मुंबईला येतं, आणि अशा एका विमानासाठी आजूबाजूचे बे कसे गोठतात ते आराखड्यात स्पष्ट दिसतं. येऊ घातलेल्या ७७७-९ चे पंख उड्डाणात सुमारे ७१.८ मीटर आणि टोकं दुमडून ६४.८. म्हणजे बेवर कोड ई, धावपट्टीवर एफ. तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवा.

बंद बे हासुद्धा एक टर्नअराउंडच समजा: ब्रिजची दुरुस्ती, एप्रनचं काम, डॉकिंग यंत्रणा बंद. त्या बेला बांधलेलं, न हलणारं खोटं विमान. वेगळी अट लिहायची गरज राहत नाही आणि पडद्यावर पट्टीसुद्धा दिसते.

कंदील

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). एक भाबडा प्रश्न. मार्स बेच्या अटी कशा लिहायच्या? मधली रेषा, डावी, उजवी असे तीन बे धरले तर तिन्हींत जोडीच्या अटी परत येतात ना?

सिम्प्लेक्सराव

तीन बे धरू नका. दोन संसाधनं धरा: डावा अर्धा आणि उजवा अर्धा. नॅरोबॉडी एक अर्धा वापरते, वाइडबॉडी दोन्ही. मग 'प्रत्येक अर्ध्यावर एका क्षणी एकच' या अटीत सगळं आलं.

ओआर-टूल्स या गूगलच्या संचातल्या सीपी-सॅट सॉल्व्हरमध्ये हे आणखी सुटसुटीत होतं. प्रत्येक (ट, ब) साठी ऐच्छिक कालखंड बनवा, प्रत्येक संसाधनासाठी एक 'एकावर एक नको' अट द्या, आणि वाइडबॉडीचा कालखंड दोन्ही अर्ध्यांच्या यादीत घाला. शेजारच्या दोन बेंवर एकाच वेळी दोन ई नकोत, असा नियम असेल तर त्या दोघांमधली जागा हे एक काल्पनिक संसाधन. ते फक्त ई विमानं वापरतात. अरुंद गल्लीच्या आतल्या बेंवरून एकाच वेळी दोन पुशबॅक (विमान मागे ढकलून बेबाहेर काढणं) नकोत? गल्लीचं तोंड हे संसाधन, प्रत्येक पुशबॅकला ५-७ मिनिटं. मात्र ही शेवटची अट कठोर करू नका, थोडा दंड पुरे. दिवसाच्या आराखड्यात पाच मिनिटांची अचूकता नसतेच.

आणि कुठलंही साधन वापरा, एक 'बे नाही' नावाचा अमर्याद बे नक्की ठेवा, जबर दंडासह. नाहीतर एकाच विमानाला जागा नसली तरी सॉल्व्हर 'अशक्य' एवढंच सांगून गप्प बसतो. कोणतं विमान, कोणती वेळ, काही कळत नाही.

तिरकीरेघ

चालण्याच्या अंतराबद्दल लिहिते.

ज्या प्रवाशाचा प्रवास इथेच सुरू होतो किंवा संपतो, त्याचं चालणं सरळ रेषीय आहे. सुरक्षा तपासणीपासून बेपर्यंत, बेपासून बॅगेच्या पट्ट्यापर्यंत. प्रत्येक (ट, ब) ला एक ठरलेला आकडा, क्ष ला गुणला की झालं. त्याने सॉल्व्हर अडत नाही. अडतो तो जोडप्रवासी (इथे विमान बदलून पुढे जाणारे) आल्यावर, कारण तेव्हा अंतर दोन्ही विमानांच्या बेंवर अवलंबून असतं आणि क्ष गुणिले क्ष येतं. ३८० टर्नअराउंडांत तसे गुणाकार लाखोंनी होतात.

दोन गोष्टींनी ते आटोक्यात येतं. एक, सगळ्या जोड्या घेऊ नका. दहापेक्षा कमी जोडप्रवासी असलेल्या जोड्या टाकून द्या, आणि ज्यांच्यात चार तासांचं अंतर आहे त्याही. तिथे २०० मीटर जास्त चालल्याने कुणाचं विमान चुकत नाही. दोन, बेऐवजी विभाग धरा. टर्मिनलची प्रत्येक शाखा एक विभाग, सगळे मिळून सात-आठ. मग गुणाकार विभागांमध्ये होतो आणि मॉडेल हाताळता येतं.

खरं तर मोजायला हवं ते अंतर नाहीच. जोडणी चुकण्याची शक्यता मोजा. ९० मिनिटांच्या जोडणीत १०० मीटर वाढले तर काही होत नाही, ५० मिनिटांच्या जोडणीत इमिग्रेशन असेल तर शंभर मीटरही जास्त. मीटर मोजणारं उद्दिष्ट या दोघांना सारखंच तोलतं.

एक राहिलंच. मुंबईच्या टी२ सारख्या, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय एकाच छपराखाली असलेल्या टर्मिनलमध्ये बेला वेळेबरोबर 'बाजू' असते. विमान दुबईहून आलं आणि तेच पुढे दिल्लीला देशांतर्गत जाणार असेल तर येताना एक दार, जाताना दुसरं. शेजारच्या दोन बेंचा कॉरिडॉर एकच असेल तर एकावर आंतरराष्ट्रीय आगमन चालू असताना दुसऱ्यावर देशांतर्गत बोर्डिंग चालत नाही. इथेही कॉरिडॉर हे संसाधन धरायचं, पण पूर्ण टर्नअराउंडभर नाही. फक्त उतरण्याची २०-२५ मिनिटं आणि चढण्याची ३०-४०. हे पूर्णवेळ लावलं की निष्कारण निम्मे बे अडकतात.

ऑफब्लॉक

आता तिसरा मुद्दा. माझ्या मते या धाग्यातला तोच मूळ मुद्दा आहे आणि चालण्याचं अंतर त्यापुढे शोभेचं.

आराखडा कोसळतो कारण सॉल्व्हरला मोकळी वेळ फुकट वाटते. १०:०० ला एक निघालं आणि १०:०० ला दुसरं आलं, तरी त्याच्या लेखी ते परिपूर्ण आहे. सगळे मग सरसकट १५ मिनिटांचा बफर लावतात. त्यात दोन दोष. पहिला, गर्दीच्या वेळी १५ मिनिटं सगळीकडे देणं परवडत नाही, आणि दुपारी बे रिकामे पडलेले असताना ४० सहज देता आली असती, ती दिली जात नाहीत. दुसरा, विमानं सारखी नसतात. पहाटेचं पहिलं उड्डाण वेळेवर निघतं. दिवसभरात पाच सेक्टर (टप्पे) उडून आलेलं रात्रीचं विमान उशीर साठवत आलेलं असतं. लांबून येणारं आंतरराष्ट्रीय विमान मागून वारा असला की अर्धा तास आधी टपकतं. लवकर येण्यानेही बे अडतो, हे हमखास विसरलं जातं.

म्हणून कठोर बफर कमीत कमी ठेवा. जाणारं विमान बाहेर पडून येणाऱ्याला वाट मिळायला जेवढा वेळ शारीरिकदृष्ट्या लागतोच तेवढाच, साधारण ५ ते ८ मिनिटं. त्यावर एकाच बेवर पाठोपाठ येणाऱ्या दोघांच्या मधल्या अंतरावर उतरता दंड लावा. सुरुवातीला असा चालतो: १० मिनिटांच्या आत १००, १० ते २० ला ४०, २० ते ३० ला १५, ३० ते ४५ ला ५, पुढे शून्य. महिनाभराच्या नोंदी हातात आल्यावर हे आकडे फेकून द्या आणि खरी शक्यता घाला: 'आधीच्याच्या निघण्याचा उशीर, वजा पुढच्याच्या येण्याचा उशीर, हा फरक मधल्या अंतरापेक्षा जास्त होण्याची शक्यता'. एअरलाइन, तास आणि मार्ग यांच्या गटानुसार दोन्ही उशिरांची वारंवारिता काढली की हे सरळ मोजता येतं.

शक्यता काढायची सोय नसेल तर रिकाम्या तुकड्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करा. समजा दोन तुकडे आहेत. ५ आणि ५५ मिनिटं: २५ + ३,०२५ = ३,०५०. ३० आणि ३०: ९०० + ९०० = १,८००. बे तेच, विमानं तीच, एकूण मोकळा वेळही तोच, पण दुसरा आराखडा पहिल्या वीस मिनिटांच्या उशिरात मोडत नाही.

मॉडेलमध्ये हे क्ष(ट,ब) वर लिहिता येत नाही, कारण दंड पाठोपाठच्या जोडीवर आहे. म्हणून साखळी मांडा: चल य(ट,त,ग) = १, जर बेंच्या गट 'ग' मध्ये 'ट' नंतर लगेच 'त' आलं. प्रत्येक बे म्हणजे दिवसाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारी एक वाट. दंड कडेवर, म्हणजे ट ते त या दुव्यावर, बसतो. एकच गट असेल तर हा निव्वळ जाळ्यातला प्रवाह होतो आणि पूर्णांक उत्तर आपोआप मिळतं. अनेक गट असले तर ती हमी जाते, पण तरी शिथिलीकरण घट्ट असतं. कडा फार होतात म्हणून दोघांमधलं अंतर सहा तासांच्या वर असेल तर ती कड मधल्या एका 'रिकामा बे' बिंदूतून न्या.

सिम्प्लेक्सराव

ऑफब्लॉक यांच्याशी सहमत, फक्त वजनांबद्दल सावध करतो. लोक लिहितात: बे न मिळाल्यास १० लाख, टो ला (विमान ओढून दुसऱ्या बेवर नेण्याला) ५००, मजबुतीचा (म्हणजे कमी अंतरांवरचा) दंड १०० पर्यंत, चालणं १. मग सॉल्व्हरला १ टक्का फरकावर थांबायला सांगतात. तीन विमानांना बे नसेल तर उद्दिष्ट ३० लाखांच्या वर, त्याचा १ टक्का ३० हजार. मजबुती आणि चालणं दोन्ही त्या ३० हजारांत बुडाले. आराखडा बघून मग 'सॉल्व्हर वेड्यासारखा वागतो' अशी तक्रार.

पायऱ्यांनी सोडवा. आधी फक्त 'बे न मिळालेले' कमीत कमी करा, आलेला आकडा अट म्हणून बांधा. मग काँटॅक्ट बेवरचे प्रवासी, तोही बांधा, पण अर्धा टक्का सैल सोडून. मग मजबुती. शेवटी टो आणि चालणं. प्रत्येक पायरीला आधीचं उत्तर सुरुवातीचा इशारा म्हणून द्यायचं, म्हणजे शून्यापासून शोध होत नाही. तो अर्धा टक्का सैल सोडण्यातच खरी कमाई आहे. एका उड्डाणाचे १८० प्रवासी बसने पाठवले की पुष्कळदा सहा-सात धोक्याची अंतरं एकदम मोकळी होतात.

टोबार

टोचा विषय निघालाच आहे तर. लांब थांबणाऱ्या विमानाचे तीन तुकडे करायचे: उतरणं, नुसतं उभं राहणं, चढणं. नॅरोबॉडीला उतरून बे सोडायला ४०-४५ मिनिटं आणि प्रस्थानापूर्वी ६०. वाइडबॉडीला अनुक्रमे ७५ आणि १२०. मधला तुकडा रिमोटवर. तीन तुकड्यांचे बे वेगळे असतील तर टो, आणि टोला दंड.

आपल्याकडे याचं कारण रात्र. देशांतर्गत विमानं रात्री अकरानंतर नाइट हॉल्टला येतात, आणि नेमकी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत युरोप-आखाताची लाट असते. तुकडे केले नाहीत तर झोपलेले ए३२० काँटॅक्ट बे अडवून बसतात आणि भरलेली वाइडबॉडी रिमोटवर जाते. तुकडे करण्याचा उंबरठा मात्र ठेवा: नॅरोबॉडी तीन तासांच्या आत, वाइडबॉडी चार तासांच्या आत थांबत असेल तर तुकडे करूच नका. चलांची संख्याही कमी राहते.

टो फुकट नसतो. टग (विमान ओढणारं वाहन), ब्रेक धरायला कॉकपिटमध्ये माणूस, पंखांवर नजर ठेवायला वॉकर, ग्राउंड कंट्रोलची परवानगी, मिळून २० ते ३० मिनिटं. मुंबईत टी१ आणि टी२ च्या मधून १४/३२ जाते, त्यामुळे एका बाजूकडून दुसरीकडे टो म्हणजे धावपट्टी ओलांडणं. ती वेळ परवानगीवर अवलंबून, म्हणून असे टो वेगळ्या, मोठ्या दंडाखाली ठेवा. आणि पहाटे साडेतीन ते पाचमध्ये पंचवीस विमानं परत आणायची असतील आणि टग सहाच असतील तर आराखडा कागदावरच राहतो. टगांची संख्या ही एकत्रित क्षमतेची अट म्हणून घालावीच लागते.

बर्फातलामराठी

अमेरिकेत हे चित्र वेगळं दिसतं. तिथे बरेच गेट एअरलाइनने भाड्याने घेतलेले असतात, मोठ्या हबवर वाटप एअरलाइनच करते. तिथला प्रश्न 'माझ्या विमानांना माझे गेट' एवढाच, म्हणून जोडप्रवाशांवर भर. सामायिक बे असलेल्या विमानतळावर वाटप करणारा तिसराच असतो आणि न्याय्य वाटा हा मुद्दा येतो. कुणाला किती टक्के काँटॅक्ट बे मिळाले त्याचा महिन्याचा हिशेब ठेवून मागे पडलेल्याला थोडं जास्त वजन, असं करता येतं.

रॅम्पवरून

बसचं कुणी बोललं नाही. रिमोट बे म्हणजे दंडाचा आकडा नव्हे, रिमोट बे म्हणजे बसेस. १८० प्रवासी, एका बसमध्ये आरामात ६०, म्हणजे तीन बसेस. उतरवणं, टर्मिनल, परत असं एक चक्र १५ मिनिटांचं. पंधरा मिनिटांत सहा विमानं रिमोटवर आली की १८ बसेस हव्यात. चौदाच असतील तर शेवटच्या विमानातले लोक पायऱ्यांवर उभे, आणि त्याचं पुढचं प्रस्थान उशिरा, म्हणजे बे पुन्हा अडलेला. सीपी-सॅटमध्ये एकत्रित क्षमतेची अट: प्रत्येक रिमोट आगमनाला तीन बसेस १५ मिनिटं, प्रस्थानाला तीन बसेस थोड्या जास्त वेळ, एकूण चौदा. बस-गेटही मोजा, ते बहुधा बसेसच्या आधी संपतात.

दुसरी बाजू पण आहे. रिमोटवर पुढच्या-मागच्या दोन्ही दारांनी उतरता येतं, इंडिगोने तर २०२२ मध्ये तीन रॅम्पची पद्धत जाहीर केली. ३० मिनिटांचं टर्नअराउंड पाळायचं असेल तर काही एअरलाइनना रिमोटच आवडतो, एरोब्रिजचं शुल्कही वाचतं. सगळ्यांना काँटॅक्ट बे हवाच असतो असं गृहीत धरू नका. एअरलाइनप्रमाणे पसंती घ्या.

कंदील

आणि हे सगळं आदल्या दिवशी ठरलं, तर दिवसभर काय करायचं? दर पाच मिनिटांनी पहिल्यापासून सोडवायचं?

ऑफब्लॉक

सोडवा, पण बदलाला किंमत लावून. आगमनाला तीन तासांच्या वर असतील तर बे बदलायचा दंड १, तीन तास ते ९० मिनिटं ५, ९० ते ४५ मिनिटं २५. ४५ च्या आत यंत्राने हात लावायचा नाही, फक्त माणूस बदलेल. तोवर बॅगांची टोळी निघालेली असते, पाटीवर गेट लागलेलं असतं. अंदाजित वेळ दोन-तीन मिनिटांनी सतत डुलत असते. पाच मिनिटांच्या आतला बदल मॉडेलला कळवूच नका, नाहीतर दोन बेंमध्ये एकच विमान तासभर नाचत राहतं.

तीन बिघाड नेहमीचे आहेत.

निघण्याचा अंदाज भूतकाळात जाणं. हँडलरने (जमिनीवरची सेवा देणाऱ्या कंपनीने) टीओबीटी, म्हणजे बे सोडायची अपेक्षित वेळ, १४:१० दिली, १४:२५ झाले, विमान जागेवरच, वेळ कुणी बदललेली नाही. यंत्राच्या लेखी बे रिकामा आहे आणि ते पुढचं विमान तिथे पाठवतं. नियम घाला: ऑफ-ब्लॉकची नोंद येईपर्यंत अंदाज 'आत्ता + १० मिनिटं' याच्या आधी जाऊ शकत नाही.

शेपटी बदलणं. आगमन-प्रस्थानाची जोडी उड्डाण क्रमांकाने बांधली असेल आणि एअरलाइनने विमान बदललं तर जुनं विमान अचानक प्रस्थानाशिवाय लटकतं. जोडी नोंदणी क्रमांकाने, म्हणजे व्हीटी- पासून सुरू होणाऱ्या नावाने बांधा. प्रस्थान नसेल तर ऑफ-ब्लॉक रिकामा सोडू नका, दिवसाच्या शेवटापर्यंत ताणा आणि लाल दाखवा.

यूटीसी. एअरलाइनचे संदेश यूटीसीत येतात. भारतीय वेळेनुसार ००:०० ते ०५:२९ मधलं उड्डाण यूटीसीत आदल्या तारखेला असतं, म्हणजे नेमकी आपली आंतरराष्ट्रीय लाट. तारीख आणि वेळ वेगळ्या रकान्यांत ठेवून नुसत्या वेळेत साडेपाच तास मिळवले की ही सगळी विमानं एक दिवस मागे जातात. आत सगळं यूटीसीत एकसंध ठेवा, फक्त पडद्यावर भारतीय वेळ.

पार्किंगब्रेक (धागाकर्ता)

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. आराखडा चालू करण्याआधी तपासायचा कसा? आणि पावसाळ्याआधी दोन्ही धावपट्ट्या सहा तास बंद असतात तो दिवस कसा हाताळायचा? २०२४ मध्ये ९ मे ला ११ ते १७ बंद होत्या.

तिरकीरेघ

तपासणीसाठी आराखडा गोठवा आणि हजार वेळा खोटा दिवस चालवा, प्रत्येक वेळी उशीर नोंदींतून उचलून. मोजायचं एवढंच: बेवर किती टकरी (एका बेवर एकाच वेळी दोन विमानं), शेवटच्या तासात किती बदल, काँटॅक्ट बेवरचे प्रवासी किती टक्के, बसेसची सर्वोच्च गरज. मात्र प्रत्येक विमानाचा उशीर स्वतंत्रपणे उचलू नका. जुलैच्या पावसात सगळेच एकदम उशिरा येतात. स्वतंत्र उचललं की उशीर एकमेकांना झाकतात आणि टकरी खऱ्यापेक्षा खूप कमी दिसतात. अख्खा दिवस उचला: नोंदींतल्या एका खऱ्या तारखेचे सगळे उशीर जसेच्या तसे लावा. विमानं जुळत नसतील तर एअरलाइन आणि तासाप्रमाणे जुळवा.

गोव्याला दाबोळीवर नौदलाच्या सरावामुळे कामाच्या दिवशी सकाळी नागरी उड्डाणांवर मर्यादा असतात, म्हणून गर्दी दुपारनंतर दाटते. तिथल्या उशिरांची नोंद मुंबईच्या आराखड्याला लावून उपयोग नाही.

ऑफब्लॉक

बंदच्या दिवशी धावपट्टी मॉडेलमध्ये आणायची गरज नाही, वेळापत्रक आधीच त्याप्रमाणे बदललेलं असतं. बघायचं ते ११ वाजताचं चित्र. ११ च्या आत उतरलेलं आणि ११ च्या आत न निघालेलं प्रत्येक विमान सहा तासांहून जास्त बसणार. म्हणून १०:०० ते ११:०० मधल्या प्रत्येक प्रस्थानासाठी 'अडकलं तर' अशी दुसरी, १७:३० पर्यंत ताणलेली प्रत बनवा. त्यातली नोंदींवरून येणाऱ्या शक्यतेइतकी, समजा दर दहातली दोन, खरंच अडकतील असं धरून रिमोट बे मोजा. तेवढे रिमोट बे १०:३० पासून राखीव, न हलणाऱ्या खोट्या विमानांनी भरून. अडकलेलं विमान काँटॅक्ट बेवर असेल तर बंदच्या काळात त्याला टो करून काँटॅक्ट बे मोकळे करा. धावपट्टीवर काम चालू असताना ती ओलांडून टो मिळेल असं धरू नका, त्या दिवशी टी१ आणि टी२ हे दोन वेगळे विमानतळ समजून सोडवा. १७:०० नंतर पहिल्या तासात आगमनं आणि प्रस्थानं एकदम सुरू होतात. त्या तासापुरता कठोर बफर ८ वरून १५ वर न्या, कारण पुशबॅकची रांग लागलेली असते आणि 'निघालं' म्हणून नोंदवलेलं विमान गल्लीच्या तोंडाशी उभंच असतं.

टोबार

त्याच्या जोडीला: १६:०० ला टगांची दुसरी पाळी आली आहे ना, ते विचारून घ्या. पाळी १८:०० ची असेल तर टगांच्या अटीत १७ ते १८ साठी निम्माच आकडा घाला.